केमिस्टच्या सहीची किंमत

साखर कारखान्यात एका दशांशाचा भाव ठरलेला असतो. २०२५-२६च्या गळीत हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला उसाच्या क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा रास्त आणि किफायतशीर दर, लावली आणि त्यावरच्या दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. दहा लाख टन ऊस गाळणारा कारखाना धरला तर हा एक दशांश साडेतीन कोटींच्या घरात जातो. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून निघालेली साखर. ती पोती मोजून कळायला हवी असं आपल्याला वाटतं. पण मळीत किती गेली, बगॅसमध्ये म्हणजे चिपाडात किती अडकली, पॅनमध्ये अजून किती शिजते आहे, इथेनॉलसाठी बी-हेवी मळी काढली तर तिच्यासोबत किती साखर वळली, हे पोती सांगत नाहीत. ते लॅब सांगते. रात्री तीनच्या सुमाराला बाहेर ट्रॅक्टरच्या रांगेत कुणीतरी शेकोटी पेटवून बसलेलं असतं, तेव्हा आत शिफ्टचा केमिस्ट रसाचा ब्रिक्स (विरघळलेला घनांश) आणि पोल (त्यातली साखर) काढून वहीत उतरवत असतो.

गावात विचारून बघा. चेअरमन कोण, ते शेंबडं पोरही सांगेल. काट्यावर कोण बसतो तेही सगळ्यांना ठाऊक, कारण काटा मारल्याच्या संशयावरून त्याच्याशी भांडणं झालेली असतात. केमिस्टचं नाव मात्र कुणाला माहीत नसतं. त्यातले बरेच जण हंगामी. गाळप संपलं की पुढच्या हंगामापर्यंत अर्ध्यामुर्ध्या पगारावर घरी.

मी वीस-बावीस वर्षं औषधकंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. आता दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवतो. दर जूनमध्ये कुणाचे तरी वडील गाठतात आणि विचारतात, ‘सर, पोरगी केमिस्ट्री म्हणतेय. कुठल्या फील्डला वाव आहे?’ आधी एक घोटाळा निस्तरावा लागतो. आपल्याकडे केमिस्ट म्हणजे औषधाचं दुकान, आणि ते चालवायला लागते फार्मसीची पदवी किंवा पदविका. एम.एस्सी. केमिस्ट्री झालेल्या माझ्या एका मित्राला सासुरवाडीत अनेक वर्षं डोकेदुखीच्या गोळ्या मागत असत. हे निस्तरलं की खरा प्रश्न उरतो. त्यावर तयार उत्तरं भरपूर आहेत: औषधं, बॅटऱ्या, सेमीकंडक्टर, इथेनॉल, पुनर्वापर, अन्नतपासणी. यादी खोटी नाही. पण उद्योग वाढतो म्हणून त्यातला केमिस्ट वाढतोच असं नाही, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. कंपनीची उलाढाल तिप्पट झाली, नवी रिअ‍ॅक्टर शेड उभी राहिली आणि लॅबमधली चार माणसं कंत्राटदाराच्या हजेरीपटावर गेली.

म्हणून मी त्या वडिलांना एक उलटा प्रश्न विचारतो. त्या धंद्यात केमिस्ट ‘माल नापास’ म्हणाला तर काय होतं? ट्रक थांबतो, की केमिस्ट बदलतो? ट्रक थांबत असेल तर तिथे करिअर आहे. केमिस्ट बदलत असेल तर तिथे फक्त नोकरी आहे, मग उद्योग कितीही तेजीत असो.

ट्रक कुणाच्या सद्बुद्धीने थांबत नाही. समोरचा गिऱ्हाईक आपल्यावर विश्वास ठेवत नाही तेव्हा तो थांबतो. आपल्याकडे रसायनशास्त्राच्या चांगल्या नोकऱ्या निर्माण केल्या त्या या अविश्वासाने, आणि तो बहुतेक वेळा परदेशी होता.

औषधांचंच घ्या. १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर मक्तेदारी न देता फक्त तो बनवायच्या पद्धतीवर पेटंट द्यायचं ठरवलं. तेच औषध वेगळ्या वाटेने बनवा, तुम्ही मोकळे. वेगळी वाट शोधायला लागतो तो सिंथेसिसचा, म्हणजे रेणू घडवणारा केमिस्ट, आणि तो घडवायची सोय आपल्याकडे झालेली होती. माटुंग्याचं यूडीसीटी, म्हणजे मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, १९३३चं, पुण्यातली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) १९५०ची. अंजी रेड्डी यूडीसीटीत शिकले, पीएच.डी. पुण्याच्या एनसीएलमधून केली आणि १९८४मध्ये हैदराबादेत डॉ. रेड्डीज सुरू केली. आज नांदेड-लातूरकडची ऑरगॅनिक घेऊन एम.एस्सी. झालेली मुलं हैदराबादची गाडी धरतात, त्या वाटेची सुरुवात अशी मराठी मुलखातूनच झाली आहे. २००५पासून रेणूवरही पेटंट मिळू लागलं. तेव्हापासून हैदराबाद-बंगळूरूच्या कंपन्या परदेशी कंपन्यांसाठी संशोधनाचं आणि उत्पादनाचं काम करून देण्याकडे वळल्या. हा धंदा आज जोरात आहे. चीनवरच सगळी भिस्त नको असं अमेरिका-युरोपने ठरवल्यावर तर आणखीच.

पण पिढी बदलली ती सिंथेसिसमध्ये कमी आणि तपासणीत जास्त. जुलै २०१८मध्ये रक्तदाबाच्या वल्सार्टन या औषधात एनडीएमए सापडलं. कॅन्सरचा संशय असलेला हा पदार्थ. मूळ चूक एका चिनी कारखान्याची. त्यांनी उत्पादनाची वाट बदलली, डायमिथाइल फॉर्मामाइड हा सॉल्व्हंट आणि सोडियम नायट्राइट एकत्र आले, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसलेला पदार्थ तयार झाला. नेहमीच्या चाचण्यांत तो दिसत नव्हता, कारण कुणी तो शोधतच नव्हतं. मग मर्यादा ठरली, दिवसाला ९६ नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे कोटभर तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याएवढी. एवढं मोजायला लॅबमधलं नेहमीचं एचपीएलसी यंत्र पुरत नाही, रेणू त्याच्या वजनावरून ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. त्याच्यापुढे बसणारा माणूस असा लागतो, की ज्याला पडद्यावरची टेकडी खरी की यंत्राचा कुरकुराट, हे ओळखता येतं. त्या एका प्रकरणानंतर जगभरच्या कंपन्यांना आपलं प्रत्येक औषध नायट्रोसामाइनसाठी, म्हणजे एनडीएमए ज्या गटातलं त्या सगळ्या गटासाठी, तपासून बघावं लागलं. किती केमिस्टांची घरं त्यावर उभी राहिली, त्याची मोजदाद नाही.

त्याआधी २०१३मध्ये रॅनबॅक्सीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरले. खोट्या आकड्यांपायी. त्या कंपनीत काम केलेल्या दिनेश ठाकूर यांनी ते बाहेर काढलं. पुढची काही वर्षं अमेरिकी तपासनीस आपल्या कारखान्यांत आले की उत्पादन बघायच्या आधी लॅबच्या संगणकाची ऑडिट ट्रेल, म्हणजे कुणी कधी काय केलं याची आपोआप राहणारी नोंद, उघडायचे. कुणी नमुना गुपचूप आधी चालवून बघितला का, नको तो निकाल खोडला का, घड्याळ मागे फिरवलं का. आम्ही तेव्हा चिडायचो. ‘चोर समजतात साले’, असं जेवणाच्या सुट्टीत म्हणायचो. आता वाटतं, त्यांनी आमच्यावर उपकारच केले. त्याआधी प्रॉडक्शनचा माणूस खांद्यावर हात टाकून ‘जरा बघ की परत इंजेक्ट करून’ म्हणायचा. त्यानंतर मी फक्त पडद्याकडे बोट दाखवायचो: इथे सगळं नोंदलं जातं. नाही म्हणायचं धैर्य मला माझ्या स्वभावाने दिलं नाही, त्या सॉफ्टवेअरने दिलं.

आता याची दुसरी बाजू, जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६च्या सुरुवातीला १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. हे कारखान्यात वापरायचं द्रव मूत्रपिंड निकामी करतं, आणि दिसायला-चवीला ग्लिसरीनसारखंच. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने राज्याच्या औषधव्यवस्थेची लक्तरं वेशीवर टांगली. २०२२मध्ये गाम्बियात सुमारे ७० मुलं गेली. हरियाणातल्या कंपनीच्या सिरपांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला, आणि त्यात तेच द्रव होतं. मग भारत सरकारने नियम केला की १ जून २०२३पासून खोकल्याचं औषध सरकारमान्य प्रयोगशाळेचा तपासणी दाखला असल्याशिवाय देशाबाहेर जाणार नाही. चांगला नियम. फक्त निर्यातीसाठी. २०२५च्या पावसाळ्यात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात, नागपूरपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, तामिळनाडूत बनलेलं सिरप पिऊन वीसहून अधिक मुलं गेली. त्यातली कित्येक नागपूरच्या दवाखान्यांत दगावली. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं ४८.६ टक्के. चालतं ते ०.१ टक्के.

या दोन आकड्यांपाशी जरा थांबा. ज्या देशात केमिस्ट ९६ नॅनोग्रॅम पकडतो, त्याच देशात औषधाचा जवळपास अर्धा भाग विष असलेली बाटली सुटते. शास्त्र कमी पडलं म्हणून? ९६ नॅनोग्रॅमला कोटीच्या पुढचं यंत्र लागतं. डायएथिलीन ग्लायकॉल पकडायला साधी जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) लागते, जी धड चालवायला आमची एस.वाय.ची मुलगीही शिकू शकते. एवढं प्रमाण असेल तर काचेच्या पट्टीवरच्या टीएलसीतही ते दिसेल. फरक यंत्राचा नव्हता. एका बाटलीमागे अविश्वास दाखवणारं गिऱ्हाईक होतं आणि दुसरीमागे डॉक्टरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवणारी आई.

त्या प्रकरणात मालकाबरोबर कंपनीच्या केमिस्टलाही अटक झाली. कायद्याने झाली असेल, ती चूक की बरोबर ते न्यायालय बघेल. मला वेगळाच प्रश्न पडतो. तपासणीच्या कागदावर सही करणाऱ्या माणसाला अटक करण्याची ताकद आपल्या कायद्यात आहे. सही न करणाऱ्या माणसाची नोकरी वाचवण्याची ताकद त्यात कुठे आहे? आपल्याकडे औषधकंपनीत तपासणी करणाऱ्याला औषध प्रशासनाची मान्यता लागते. ‘एफडीए अप्रूव्हड केमिस्ट’ अशी जाहिरातच येते, पगारही थोडा बरा असतो. पण हा अप्रूव्हड केमिस्ट उद्या ‘बॅच सोडणार नाही’ म्हणाला आणि परवा त्याचा राजीनामा घेतला गेला, तर तो का गेला हे प्रशासनाला कळवायची सक्ती मालकावर नाही. नवा अप्रूव्हड आणला की फाइल पूर्ण.

युरोपात प्रत्येक बॅच बाजारात जाण्याआधी ‘क्वालिफाइड पर्सन’ नावाचा एक माणूस ती प्रमाणित करतो. त्याचं नाव परवान्याशी जोडलेलं असतं आणि जबाबदारी त्याची व्यक्तिशः असते. त्यामुळे त्याला पगार चांगला मिळतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याला टाळून माल हलवता येत नाही. आपण त्यांची नक्कल करावी असं मी म्हणत नाही. पण एवढं तरी करता येईल: मान्यताप्राप्त केमिस्टने कंपनी सोडली की त्याने स्वतः दोन ओळींत कारण लिहून थेट प्रशासनाला पाठवायचं, आणि एकाच कारखान्यातून वर्षात असे तीन कागद आले तर तपासनीसाने तिथे जायचं. याला ना इमारत लागते, ना बजेट. तपासनीस लागतो, आणि तिथेच गाडी अडते. रिक्त जागांच्या बातम्या आपण वर्षाआड वाचतो. ‘रसायनउद्योगात रोजगारनिर्मिती’ यावर भाषण करणाऱ्या प्रत्येक मंत्र्याला मला विचारायचं आहे, की तुमच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत किती खुर्च्या रिकाम्या आहेत? त्या भरल्या तर ती रोजगारनिर्मिती होत नाही का?

औषधांची गोष्ट लांबली. माझा धंदा तो होता. पण हाच नियम बाकी ठिकाणीही लावून बघता येतो, आणि लागतो.

नाशिकची द्राक्षं घ्या. २०१०मध्ये युरोपने आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडवले. सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट, वेलीची वाढ रोखायला मारतात ते, त्याचे अंश सापडले होते. शेतकऱ्यांचे हाल झाले, कर्जं थकली. त्यानंतर तपासायच्या रसायनांची यादी वाढली आणि प्रयोगशाळांचं काम वाढलं. युरोपात ज्या कीटकनाशकाची वेगळी मर्यादा ठरलेली नसते त्याला सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते. आज निर्यातीच्या बागेतला नमुना तपासल्याशिवाय घड हलत नाही. त्या प्रयोगशाळांत नमुने दळणारी, गाळणारी, यंत्रावर लावणारी शेकडो मुलं-मुली शेतकऱ्यांच्याच घरातली आहेत. आणि त्याच तालुक्यातून आपल्या मंडईत येणारी द्राक्षं? ती आपण नळाखाली धरतो.

बॅटऱ्या आणि सेमीकंडक्टरवर मी फार बोलणार नाही, कारण त्यांच्यावर सगळेच बोलतात. बॅटरीच्या सेलसाठी केंद्राने २०२१मध्ये १८,१०० कोटींची योजना आणली, लक्ष्य ५० गिगावॉट-तासांचं. ठरल्या वेळात त्यातलं थोडंच उभं राहिलं. तरीही काम खरं आहे आणि ते आपल्या ओळखीचं आहे. लिथियमच्या बॅटरीतल्या इलेक्ट्रोलाइटमध्ये पाण्याचा अंश राहिला तर त्यातलं लिथियमचं मीठ फुटून हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होतं, ते सेल आतून खातं. म्हणून पाणी मोजावं लागतं, दशलक्षात वीसेक भागांच्याही खाली. कसं मोजतात? कार्ल फिशरने १९३५ साली सांगितलेल्या टायट्रेशनने. औषधाच्या लॅबमध्ये आम्ही रोज ‘केएफ लाव’ म्हणायचो, तेच. म्हणजे फार्मात दहा वर्षं काढलेल्या माणसाने बॅटरीच्या जाहिरातीला बिचकायचं कारण नाही. चिपच्या कारखान्यात आम्लं, पेरॉक्साइड, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) हेच सगळं लागतं, फक्त शुद्धता वेगळ्या जगातली. दशलक्षात एक म्हणजे साडेअकरा दिवसांतला एक सेकंद. अब्जात एक म्हणजे ३२ वर्षांतला एक सेकंद. चिपवाले याच्याही हजारपट पुढे मोजतात, ३२ हजार वर्षांतला एक सेकंद. गुजरातेत साणंद-धोलेऱ्याला जे उभं राहतंय त्याला हे मोजणारी माणसं लागतील, आणि तिथे माझ्या कसोटीचं उत्तर सोपं आहे. खराब रसायन सोडलं तर कोट्यवधींच्या वेफर, म्हणजे चिप ज्यावर घडवतात त्या चकत्या, कचऱ्यात जातात, त्यामुळे केमिस्टचं ‘नाही’ कुणी ओलांडत नाही.

जिथे ते सर्रास ओलांडलं जातं ती जागा म्हणजे कारखान्याची मागची बाजू. ईटीपी. सांडपाण्याचा विभाग. मी नव्याने रुजू झालो तेव्हा एका जुन्या कारखान्यात मला ईटीपीचं रजिस्टर बघायला दिलं. सीओडीची, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीच्या मापाची, मर्यादा २५०. रजिस्टरात वर्षभर २३८, २४१, २३६, २४४, २३९. पावसाळ्यात तेच, उन्हाळ्यात तेच, प्लांट आठ दिवस बंद होता तेव्हाही तेच. निसर्गात इतकी शिस्त कुठे नसते. मी भाबडेपणाने विचारलं, तर तिथला म्हातारा केमिस्ट म्हणाला, ‘बाळा, हे मोजायचे आकडे नाहीत, भरायचे आहेत.’ त्याचा मला राग आला होता. पुढे कळलं, त्याच्याकडे सीओडी करायला लागणारं रसायनच तीन महिने आलेलं नव्हतं. मागणीपत्र त्याने चार वेळा दिलं होतं.

पुनर्वापर, जुन्या बॅटऱ्यांतून धातू काढणं, प्लास्टिक, सांडपाणी, हवा-पाण्याची तपासणी, यांना आता ‘हरित करिअर’ म्हणतात. नियम आले आहेत, बॅटरीच्या कचऱ्याचे २०२२चे, प्लास्टिकचे त्याच्या आधीचे. माणसं लागणार आहेत हे नक्की. पण आकडा भरायचा की मोजायचा, याचा निकाल लागेपर्यंत मी कुणाच्या पोरीला तिकडे जा म्हणून छातीठोकपणे सांगणार नाही. जिथे खाडीतला मासा मेल्यावर मच्छीमार रस्त्यावर येतात आणि न्यायालय अहवाल मागतं, तिथे मोजला जातो. नाहीतर भरला जातो.

याहून दुर्लक्षित, आणि माझ्या मते सगळ्यांत कमी माणसं असलेलं क्षेत्र म्हणजे अभिक्रियेची उष्णता मोजण्याचं. डोंबिवली एमआयडीसी मे २०१६मध्ये हादरली आणि मे २०२४मध्ये पुन्हा. दोन्ही वेळा कारखाने हलवायची चर्चा झाली, काचांचे पंचनामे झाले. पण रसायनाला जागेचं देणंघेणं नसतं. एक लिटरच्या फ्लास्कमध्ये जी अभिक्रिया नुसती कोमट होते, ती पाच हजार लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये हाताबाहेर जाऊ शकते. माल पाच हजारपट झालेला असतो, उष्णता बाहेर जायचा पृष्ठभाग मात्र तीनशेपटीच्याही आत. हे आधी मोजायची यंत्रं आहेत, पद्धत आहे. त्यासाठी केमिस्ट लागतो ज्याला इंजिनिअरची भाषा कळते, आणि मालक लागतो जो ‘ही बॅच या तापमानाला घ्यायची नाही’ हे ऐकून घेतो. मोठ्या निर्यातदार कंपन्यांत अशा लॅब झाल्या आहेत. परदेशी गिऱ्हाईक ऑडिटला आलं की पहिल्या तासातच तो अहवाल मागतं. पुन्हा तेच गिऱ्हाईक.

आणखी एक उद्योग वाढतो आहे, तोही लपवायला नको. फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यावर छापा टाकला, आणि त्या प्रकरणात वेगवेगळ्या ठिकाणांहून दीड हजार किलोहून जास्त मेफेड्रोन, म्हणजे एमडी, पकडलं. त्याच्या आदल्या ऑक्टोबरात नाशिकजवळ शिंदे गावात असाच कारखाना सापडला होता. हे गल्लीतल्या गुंडाला जमत नाही. त्याला रसायन कळणारा हात लागतो. एम.एस्सी. झालेल्या मुलाला एमआयडीसीत पंधरा-अठरा हजारांवर कंत्राटी ठेवायचं, माझ्या ओळखीतल्या पोरांचे पगार याच आसपासचे, आणि मग त्याच्या हाताला दुसरं कुणी भाव दिला की नवल करायचं, हे ढोंग झालं. गुन्हा तो गुन्हाच. पण आपल्या चोख धंद्यांनी या हातांची बोली किती लावली, तेही बघायला हवं.

छोट्या कारखानदाराची बाजू मी नाकारत नाही. माझे दोन वर्गमित्र कारखानदार आहेत. त्यातला एक नेहमी म्हणतो, ‘टेस्टिंग करून एक किलो माल वाढत नाही रे.’ औषधनिर्मितीचे सुधारित निकष, शेड्यूल एम, लहान कंपन्यांना पाळायची मुदत ३१ डिसेंबर २०२५पर्यंत वाढवून दिली गेली, तीही त्याच्यासारख्यांच्या आरडाओरड्यामुळे. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. दहा-वीस माणसांच्या कारखान्याला मास स्पेक्ट्रोमीटर परवडत नाही आणि परवडायची गरजही नाही. एका एमआयडीसीत वीस कारखान्यांनी मिळून एक चांगली लॅब चालवावी. सांडपाण्यासाठी सामायिक सीईटीपी चालतेच ना? त्या लॅबच्या केमिस्टला पगार एका मालकाचा नसेल, त्यामुळे एका मालकाला त्याला काढताही येणार नाही. मित्राला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘म्हणजे तो माझं ऐकणार नाही.’ नाही ऐकणार. तेच तर पाहिजे.

आता कॉलेज. आमच्याकडे एचपीएलसी आहे. अनुदानातून आलेली, छान आहे. तिच्यावर कव्हर असतं आणि ते कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येते त्या दिवशी निघतं. मुलं तिचं चित्र काढून लेबलं लावतात. कंपनीत गेल्यावर पहिले सहा महिने त्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं, हे मी त्या टोकाला बसून केलं आहे. पण यंत्र शिकायला सहा महिने पुरतात. न पुसलं जाणारं एक शिक्षण मात्र आम्ही बारावीपासून देतो. प्रॅक्टिकलच्या वहीत टायट्रेशनच्या तक्त्याचा शेवटचा रकाना असतो, स्थिर ब्युरेट वाचनाचा. तीन वाचनं घ्यायची, ती जुळायला हवीत. वाफेने भरलेल्या खोलीत चाळीस मुलं, वीस ब्युरेटी, त्यातल्या सहा गळक्या. तरी चाळीस वह्यांत १०.४, १०.४, १०.४. शेजाऱ्याचं उत्तर विचारून आपलं मागून रचलेलं. आम्ही लाल पेनाने बरोबरची खूण करतो आणि दहापैकी नऊ देतो. २३८, २४१, २३६ची बाराखडी इथे गिरवली जाते.

गेल्या वर्षीपासून मी एक बदल केला. न जुळलेल्या वाचनाला मी गुण कापत नाही, आणि ते का जुळलं नाही हे एका ओळीत लिहिलं तर एक गुण जास्त देतो. प्राचार्यांना हे फारसं आवडलेलं नाही, कारण बाह्य परीक्षक बुचकळ्यात पडतात. पहिले दोन महिने काही झालं नाही, १०.४ येतच राहिलं. मग दिवाळीनंतर मागच्या बाकावरची एक मुलगी वही घेऊन आली. वडील कारखान्यात ऊसतोडीला येतात, म्हणाली होती एकदा. तक्त्यात १०.३, १०.८, १०.३. आणि खाली पेन्सिलने बारीक अक्षरात, ‘दुसऱ्या वेळी रंग गेल्यावर दहाएक थेंब जास्त पडले असावेत, लक्ष नव्हतं.’

‘सर, १०.८ खोडू का?’

‘नको,’ मी म्हटलं. ‘पेन्सिलचं पेनाने कर आणि खाली सही कर.’